बावटा लागला, पण पोचला का?

प्रत्येक वादळानंतर आपल्या किनाऱ्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते. "बावटा लावला होता ना? मग हे लोक दर्यात गेलेच कशाला?" हे वाक्य बोलणारा गृहस्थ बहुधा कोरड्या जमिनीवर उभा असतो, आणि त्याच्यापुरता प्रश्न तेथेच मिटलेला असतो. इशारा देणाऱ्याने दिला, न ऐकणाऱ्याने ऐकला नाही, आणि जे व्हायचे ते झाले.

मला या वाक्याचा राग येतो, हे आरंभीच सांगून टाकते. मच्छीमाराच्या मुलीला राग यायचाच, असे कोणी म्हणेल. तथापि हा राग केवळ घरचा नाही. तो योग्य आहे हे मला ज्या विषयाने पटवून दिले, तो विषय आपल्या कला शाखेच्या अभ्यासक्रमात कोठेही नाही. संगणकाच्या अगदी आतल्या भागात एका प्रोग्रामकडून दुसऱ्याला सिग्नल कसा पाठवला जातो आणि पाठवलेला सिग्नल पोचतो केव्हा, हा तो विषय. प्राध्यापक मंडळींनी कपाळाला आठ्या घालू नयेत. माझा मामेभाऊ तंत्रनिकेतनात शिकतो. चतुर्थीच्या सुट्टीत त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने मला हे प्रथम दाखवले आणि पुढचे मी आपल्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसून वाचून काढले. इतिहासाच्या टिपणवहीत मागच्या बाजूने हीच टिपणे आहेत.

संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. त्या सर्वांना वेळ वाटून देणारा, स्मृतीतील जागा नेमून देणारा, डिस्क, पडदा आणि कळफलक यांच्याशी बोलणारा जो मधला कारभारी, त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गर. आपल्या जिल्ह्याला हा शब्द परका नाही. काजूगराला इंग्रजीत हाच शब्द आहे. आणि गंमत अशी की, ज्या प्रोग्राममधून माणूस या कर्नेलला हुकूम सोडतो त्याचे नाव शेल, म्हणजे टरफल! बाहेर टरफल, आत गर. माझी आई मासेमारी बंद असते त्या दिवसांत काजूच्या कारखान्यात जाते. तिला ही विभागणी मी एका वाक्यात समजावली आणि तिने मान डोलावली. पुस्तकाने मात्र त्यासाठी अर्धे प्रकरण घेतले आहे.

चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात, आणि प्रत्येक प्रोसेसला नौकेसारखा नोंदणी क्रमांक असतो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची जी प्रणाली घडवायला घेतली, तिच्यात प्रोसेसला इशारा देण्यासाठी सिग्नल आले. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केली, तिने तीच रीत उचलली. आज अँड्रॉइडचा फोन ज्याच्या ज्याच्या खिशात आहे, त्याच्या खिशात लिनक्सचे कर्नेल आहे आणि तेथे क्षणोक्षणी सिग्नल सुटत आहेत.

हा सिग्नल म्हणजे पत्र नव्हे. त्यात मजकूर जवळजवळ नसतोच, असतो तो एक आकडा. दोन म्हणजे कळफलकावरून माणसाने थांब म्हटले. पंधरा म्हणजे आवरते घे. नऊ म्हणजे मरण. आपला बंदरावरचा बावटा याच जातीचा. बावटा म्हणतात खरे, पण ते कापड नसते. दिवसा शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात, आणि त्यांच्या मांडणीवरून आकडा ओळखायचा असतो. १८६४ च्या भीषण वादळानंतर १८६५ साली कलकत्ता बंदरावर वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था प्रथम सुरू झाली. हवामान खाते त्यानंतरचे, १८७५ चे. आणि देशातील सर्व बंदरांवर एकसारखी पद्धत १८९८ पासून आली. एकपासून अकरापर्यंत आकडे आहेत. तीन नंबर म्हणजे स्थानिक सावधगिरी, आठ-नऊ-दहा म्हणजे महाभय. आणि अकरा? अकरा नंबरचा अर्थ असा, की हवामान केंद्राशी आमचाच संपर्क तुटला आहे, पण लक्षणे बरी दिसत नाहीत. ज्या कोणी हा अकरावा आकडा योजला त्याला माझा नमस्कार. इशारा देणाऱ्याची तारही तुटू शकते, हे त्याने कायद्याच्या वहीत लिहून ठेवले. संगणकातही अकरा नंबरचा सिग्नल वाईटच निघावा, हा योगायोग. प्रोसेसने आपली नसलेल्या स्मृतीत हात घातला की तो येतो.

आता मुद्द्याकडे येते. सिग्नल पाठवण्याच्या हुकमाचे नाव आहे किल. नाव भयंकर आहे, पण काम निरोप्याचे. हा हुकूम सुटला की कर्नेल प्रथम पाहते, पाठवणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही. कोणीही उठून कोणालाही सिग्नल पाठवू शकत नाही. अधिकार असेल तर कर्नेल त्या प्रोसेसच्या नोंदीत त्या आकड्यापुढे एक खूण करते, आणि पाठवणाऱ्याला सांगते, शून्य. शून्य म्हणजे काम बिनचूक झाले. पण कोणते काम झाले? खूण करण्याचे! जिला सिग्नल पाठवला त्या प्रोसेसला अजून काहीच ठाऊक नाही. या अवस्थेला पुस्तकात प्रलंबित सिग्नल म्हणतात, आणि तिला स्वतंत्र नाव दिले आहे हीच मला या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. पाठवणे ही एक क्रिया आणि पोचणे ही दुसरी, हे त्यांनी मान्य केले आहे.

मग पोचतो केव्हा? प्रोसेस स्वतःचे काम करीत असते, तेव्हा काही मागण्यासाठी ती कर्नेलकडे जाते, किंवा घड्याळाच्या ठोक्याने तिला मध्येच कर्नेलमध्ये आणले जाते. तेथून आपल्या कामाकडे परतताना उंबऱ्यावर कर्नेल तिची नोंद पाहते, आणि खूण असेल तर तेथे सिग्नल हाती पडतो. उंबऱ्यावर येईपर्यंत नाही. शिवाय एकतीसपर्यंतच्या नेहमीच्या सिग्नलांची रांग लागत नाही. एकच आकडा पोचण्यापूर्वी दहा वेळा पाठवला, तरी खूण एकच आणि पोचणेही एकदाच. दहा वेळा ओरडून सांगितले असे म्हणणाऱ्याला कर्नेलच्या दरबारात काही किंमत नाही.

माझे आजोबा तांडेल होते. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ह्यात नवीन काय ता? बावटो बघूक बंदरात येवचा लागता, आणि आमी तर दर्यात!"

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरचे ओखी वादळ आठवा. २९ नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या बाजूला ते बळावले आणि ३० ला त्याचे चक्रीवादळ झाले. पण केरळ-तमिळनाडूच्या कित्येक नौका त्याआधीच खोल समुद्रात होत्या. या नौका सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या नव्हेत. कित्येक दिवसांची शिदोरी आणि बर्फ घेऊन त्या निघालेल्या असतात. बंदरांवर इशारे लागले, बातम्या सुटल्या, मोबाइलवर निरोप गेले. मोबाइलचा मनोरा किनाऱ्यापासून किती आत साथ देतो हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पाठवण्याचे काम त्या दिवशी बिनचूक झाले असेल, शून्य उत्तर मिळाले असेल. सिग्नल मात्र प्रलंबित राहिला. त्यांतल्या अडुसष्ट नौका आणि नऊशे बावन्न मच्छीमार डिसेंबरच्या सुरुवातीला वाऱ्याशी झगडत आपल्या देवगड बंदरात येऊन लागले. शेकडो मैलांवरून आलेल्या या माणसांची भाषा आपल्याला येत नव्हती, आपली त्यांना येत नव्हती. जे परतलेच नाहीत त्यांच्याविषयी "हे गेलेच कशाला" असे विचारणाऱ्याने ते गेले त्या दिवशी बावटा होता का, एवढे तरी आधी विचारावे. २००९ च्या फयानने तर ११ नोव्हेंबरला मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनारा गाठला. त्याआधी त्याने आपल्या कोकणच्या नौकांचे काय केले हे येथल्या घराघरांत ठाऊक आहे.

कर्नेलमध्ये एक झोप अशी आहे, की तिच्यात प्रोसेसला कोणताही सिग्नल उठवू शकत नाही. डिस्ककडून काही यावयाचे असते, आणि ते येईपर्यंत मध्येच उठवले तर घोटाळा होईल, म्हणून ही गाढ झोप ठेवलेली आहे. एरवी नऊ नंबर कोणालाही अडवता येत नाही, टाळता येत नाही. पण या झोपेतल्या प्रोसेसवर तो नऊ नंबरही निष्फळ. दूरच्या संगणकावरची डिस्क असेल आणि मधली तार तुटली, तर ही प्रोसेस तशीच लटकून राही. वर्षानुवर्षे लोकांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढे २००८ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये निराळ्या प्रकारची झोप आणली गेली. इतर सिग्नलांनी न मोडणारी, पण प्राणघातक सिग्नल आला तर मात्र उठणारी. येथे मला थांबून सांगावेसे वाटते. इशारा पोचत नाही असे दिसल्यावर त्या मंडळींनी झोपलेल्या प्रोसेसला बेजबाबदार ठरवले नाही. त्यांनी झोपेची रचना बदलली.

आता थ्रेड. एका प्रोसेसमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालू ठेवायची असली की तिच्यात अनेक थ्रेड असतात. मराठीत धागे म्हणता येईल, पण मला नौकेवरचे खलाशी आठवतात. नौका एक, माल एक, क्रमांक एक. हात मात्र अनेक. सिग्नल दोन तऱ्हांनी पाठवता येतो, सबंध प्रोसेसला किंवा नेमक्या एका थ्रेडला. सबंध प्रोसेसला पाठवलेला सिग्नल सर्वांना मिळतो असा माझा समज होता, तसे नसते. कर्नेल मुख्य थ्रेडला आधी विचारते, आणि तो घेण्याच्या स्थितीत नसेल तर ज्याने तो सिग्नल अडवलेला नाही अशा दुसऱ्या एकाला गाठते. सिग्नल आल्यावर काय करायचे हा नियम सगळ्या नौकेचा एकच, पण आत्ता माझ्या कानावर काही घालू नका असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक खलाशाला वेगळा. सगळ्यांनीच अडवून धरला तर? तर सिग्नल नौकेच्या नावावर पडून राहतो.

आणि कर्नेलची स्वतःची कामे करणारे काही थ्रेड असतात, ते तर उंबऱ्याबाहेर कधी येतच नाहीत. त्यांच्याकडे सिग्नल मुळातच दुर्लक्षिले जातात. ज्याने तसा थ्रेड लिहिला त्याने अमुक सिग्नल मी घेईन असे आधी जाहीर करावे लागते, आणि मग काम करता करता मधून मधून स्वतःच पाहावे लागते, काही आले आहे का. हे वाचताना मला दहा-दहा दिवस बाहेर राहणाऱ्या नौका दिसल्या.

येथे कोणी म्हणेल, की कित्येकांना बावटा ठाऊक असतो आणि तरी ते जातात. जातात. माझा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे, मी खोटे बोलणार नाही. पण सिग्नल अडवून धरणे ही कर्नेलमध्येही मान्य असलेली गोष्ट आहे. नाजूक काम हाती असले की प्रोसेस तेवढ्यापुरता सिग्नल थोपवून धरते, आणि त्यासाठी तिला कोणी मूर्ख म्हणत नाही. डिझेल उधारीवर भरलेले आहे, बर्फ वितळतो आहे, हंगाम मोजक्या महिन्यांचा आहे, अशा वेळी तीन नंबर लागला तर तांडेल तो का थोपवतो हे विचारायला नको काय? दर्यात जाऊ नका असे सांगणाऱ्याने त्या दिवसाच्या चुलीचे काय हेही सांगितले, तर थोपवणारे कमी होतील असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. सिग्नल आल्यावर काय करायचे हे ज्या प्रोसेसने आधी शिकून ठेवलेले नसते, तिच्यासाठी कर्नेलजवळ एक ठरलेली कृती असते. बहुतेक सिग्नलांच्या बाबतीत ती ठरलेली कृती एकच, प्रोसेस संपवणे. सिग्नल मारण्यासाठी आलेलाच नसतो, पण त्याला उत्तर ठाऊक नसल्याने प्रोसेस मरते.

मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. माझ्याबरोबर शाळेत असलेली, आमच्याच वाडीतली एक मुलगी दुसऱ्या एका महाविद्यालयात जात होती. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी असल्याचा निरोप तिच्या वडिलांच्या फोनवर इंग्रजीत आला. वडील दर्यात, आईला अक्षरओळख बेताची. तो निरोप म्हणजे काय, त्यावर करायचे काय, कोणत्या खिडकीवर जायचे, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मुदत टळली, पैसे आले नाहीत, आणि घराने ठरलेली कृती केली. ती आता कोळंबी सोलायला जाते. कार्यालयाच्या दफ्तरी मात्र निरोप पाठवल्याची नोंद असणार, आणि ती नोंद खरीही असणार! ज्यांच्या घरी दोन पिढ्या कॉलेजात गेल्या त्यांच्याकडे अशा निरोपांची उत्तरे वडिलोपार्जित असतात. आमच्याकडे ठरलेली कृती असते.

संगणक बंद करतानाची रीतही सांगण्यासारखी आहे. एकदम नऊ नंबर लावीत नाहीत. आधी पंधरा नंबर जातो, म्हणजे आवरून घे, वह्या मिटून ठेव. मग वाट पाहतात. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ही मुदत मुळात नव्वद सेकंदांची आहे. त्यानंतरच नऊ. यंत्राला नव्वद सेकंद हा मोठाच काळ. माणसाला वाट पाहण्याचे माप काय असावे, यावर कोणी विचार करतो की नाही कोण जाणे.

आणि उलट्या दिशेचा सिग्नलही आहे. एखादी प्रोसेस संपली की कर्नेल तिच्या जननी प्रोसेसला सिग्नल पाठवते, तुझे अपत्य गेले. जननीने त्याची दखल घेईपर्यंत गेलेल्या प्रोसेसचे नाव यादीत तसेच राहते. ती जिवंत नसते आणि पुरती गेलेलीही नसते. समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाच्या घरी हीच अवस्था असते, फक्त तेथे सिग्नलच येत नाही. सात वर्षे वार्ता नसली तर माणूस मृत मानण्याची तरतूद आपल्या जुन्या पुरावा कायद्यात होती आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. सात वर्षे एखाद्या बाईने मंगळसूत्राचे काय करायचे, हे कायद्यात नाही.

काहीच बदललेले नाही असे मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. २०१९ साली हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने आणि विमानतळ प्राधिकरणाने जेमिनी नावाचे एक लहान उपकरण पुढे आणले. ते उपग्रहाकडून इशारा घेते आणि तांडेलाच्या मोबाइलवर दाखवते; मनोऱ्याची गरज नाही. उंबऱ्यावर यायची वाट न पाहता निरोप दर्यात गेला, हे मोठेच पाऊल. पण ते एकतर्फी होते, नौकेवरून उत्तर देता येत नव्हते. पुढे ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. एक लाख नौकांचे उद्दिष्ट आहे आणि या उपकरणातून दोन्ही बाजूंनी निरोप जातो. संकटात असलेली नौका स्वतः सांगू शकते. माझ्या मते खरा फरक या दुसऱ्या बाजूने येणाऱ्या निरोपात आहे. इशारा मिळाला, एवढे दोन शब्द नौकेवरून परत आले, की मग किनाऱ्यावरच्याला "बावटा लावला होता" असे म्हणण्याचा अधिकार येतो. आणि ते आले नाहीत तर तेवढ्याने त्याची झोप उडायला हवी.

वर्गात मी हा विषय काढला तेव्हा एक मित्र म्हणाला, कला शाखेला कर्नेलचे काय करायचे? मी त्याला विचारले, निरोप पाठवणे आणि पोचणे यांतला फरक भाषेच्या विद्यार्थ्याने शिकायचा नाही, तर कोणी शिकायचा? त्याने उत्तर दिले नाही. कदाचित प्रलंबित असेल.

आपल्याच कॉलेजपुरती एक सूचना करते. परीक्षा अर्ज आणि शिष्यवृत्ती यांच्या नोटिसा फळ्यावर लागतात. आचरा, पेंडूर, चौके या बाजूंनी एसटीने येणारी मुले पहिला तास चुकवून धावत वर्गात शिरतात आणि शेवटची गाडी गाठायला धावत निघतात. फळा त्यांच्या वाटेवर नाही. ती नोटीस तीन वेळा लावून उपयोग नाही. ती वर्गात वाचून दाखवावी, मालवणीत सांगावी, आणि प्रत्येकाने ऐकल्याची सही हजेरीपटावर घ्यावी. ज्याची सही नाही, त्याच्या घरी वर्गातल्या एकाने जावे. आमच्या वाडीत जायचे असेल तर मी तयार आहे.

– द्वितीय वर्ष, कला